गिऱ्हाइकांची यादी, त्यांची संमति व सहनोंदणी

महाबळेश्वर तालुक्यांत स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस आपल्या बागेचा सात-बारा तोंडपाठ असतो. रोपें कोठून आणलीं, आच्छादनाचा कागद किती लागला, पहिला तोडा कोणत्या तारखेस झाला, हेंही त्यांस सांगतां येतें. परंतु आपलें फळ अखेर कोणाच्या घरीं गेलें असें विचारलें असतां बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. फळ वाशीच्या किंवा पुण्याच्या बाजारांत जातें, व्यापाऱ्याची पट्टी येते, आणि तेथेंच शेतकऱ्याचें ज्ञान संपतें. हंगामांत प्रवासी बागेंत येतात, फळ चाखतात, दोन डबे विकत घेतात व मोटारींत बसून निघून जातात. त्यांचाही मागमूस राहत नाहीं.

२०१० सालीं ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें. तेव्हांपासून नांवाचें रक्षण कायद्यानें होतें खरें; पण त्या नांवावर विश्वास ठेवून फळ मागविणारें घर कोणतें, हें कायदा सांगत नाहीं. ही उणीव किती महाग पडते तें मार्च २०२० मध्यें दिसून आलें. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हां बागा तोड्यावर होत्या. प्रवासी थांबले, हॉटेलें मिटलीं, आणि सातारा जिल्ह्यांत एका शेतकऱ्यानें आपलें फळ गाईंपुढें टाकल्याचें वृत्त परदेशच्या वृत्तसंस्थांपर्यंत गेलें. शेतमालाच्या वाहतुकीस त्या काळांतही सरकारची मोकळीक होती. आदल्या डिसेंबरांत आपल्या बागेंतून फळ नेलेलीं कुटुंबें पुण्या-मुंबईंत घरीं बसून होतीं. अडचण इतकीच, कीं त्या कुटुंबांस कळवावयाचें कसें, हें बहुतेक बागाईतदारांस ठाऊक नव्हतें.

अशी यादी जवळ असावी हें आतां पुष्कळांस पटूं लागलें आहे, आणि पटूं लागलें तसे विकणारेही आले. ‘मुंबई-पुण्याच्या सधन लोकांचे एक लाख ई-मेल पत्ते, अमुक रुपयांस’ असें सांगत दलाल फिरतात. अशी यादी घ्यावी काय, असें कांहीं सभासदांनीं आम्हांस विचारलें आहे. घेऊं नये, हें आमचें उत्तर. तें कां, आणि विकतची न घेतां स्वतःची यादी कशी उभी करावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

गिऱ्हाइकाशीं पत्रद्वारें संबंध ठेवण्याची कल्पना आमच्या भागास नवी नाहीं. त्या वेळच्या औंध संस्थानांत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें मासिक सुरू केलें. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्यास मासिक कशास हवें होतें, असें कोणासही वाटेल. पण नांगर एकदां विकला म्हणजे घेणाऱ्याशीं संबंध संपला, असें मानणारे ते लोक नव्हते. पुढें तेंच मासिक ‘किर्लोस्कर’ या नांवानें महाराष्ट्रभर वाचलें जाऊं लागलें. त्या काळीं दर अंकास छपाई व टपालहंशील पडे. आज ई-मेलच्या पत्रास तो खर्च जवळजवळ नाहीं, आणि नेमकें हेंच लोकांस मोहांत पाडतें. टपालखर्च पडत असता तर लाख अनोळखी माणसांस पत्रें धाडण्याचा विचार कोणाच्या मनांतही आला नसता.

व्हॉट्सॲपचे गट असतांना ई-मेल कशास, असा एक प्रश्न येईल. आमच्या मतें दोन्हीं असावींत. गट हा रोजच्या बोलण्यास बरा; परंतु तेथें एकाचा दूरध्वनिक्रमांक सर्वांस दिसतो, पत्र दहा फोटोंखालीं दडपलें जातें, आणि गट चालविणारा माणूस बदलला कीं सर्व विस्कटतें. ई-मेलच्या पत्त्यांची वही संस्थेच्या कपाटांत राहते. दूरध्वनीवरून व्यापारी संदेश पाठविण्यावर तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ सालचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांत येथें शिरत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. यादी म्हणजे पत्त्यांचा ढीग नव्हे. अमुक मनुष्यानें, अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं, अमुक कामासाठीं पत्र पाठविण्यास होकार दिला, अशा नोंदींची ती वही आहे. आमचा सारा जन्म महसूलखात्याच्या दप्तरांत गेला असल्यामुळें आम्हांस हें फेरफाराच्या नोंदीवरून चटकन उमगतें. जमिनीचा व्यवहार झाला म्हणजे तलाठी गांव नमुना ६ मध्यें नोंद धरितो; पण तेवढ्यानें ती पक्की होत नाहीं. हितसंबंधी इसमांस नोटीस जाते, चावडीवर नक्कल लागते, हरकतीस १५ दिवसांची मुदत असते, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करितो. यादीचेंही तसेंच दोन पायऱ्यांचें काम आहे. पाहुण्यानें कागदावर किंवा भ्रमणध्वनींत आपला पत्ता लिहिला, ही झाली कच्ची नोंद. मग त्या पत्त्यावर एकच लहानसें पत्र जावें: ‘आपण आज आमच्या बागेंत पत्ता दिला, हंगामाचीं पत्रें हवीं असल्यास खालील ठिकाणीं दाबावें.’ त्यानें दाबलें म्हणजे नोंद प्रमाणित झाली. पत्ता चुकीचा लिहिला असेल, किंवा कोणी थट्टेनें दुसऱ्याचा दिला असेल, तर तो या चाळणींत आपोआप गळतो.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. फेरफारांत गप्प राहिला त्याची संमति धरतात. या यादींत गप्प राहिला त्याचा नकार धरावयाचा. पुष्कळ व्यापाऱ्यांचें घोडें येथेंच अडतें. दुजोऱ्याचें उत्तर न देणारांचीं नांवेंही ते ठेवून देतात, किंवा अर्जावर संमतीच्या चौकोनांत आधींच खूण करून ठेवतात, म्हणजे ज्यास नको त्यानेंच ती खोडावी. युरोपच्या न्यायालयानें १ ऑक्टोबर २०१९ रोजीं एका जर्मन कंपनीच्या खटल्यांत असा निकाल दिला, कीं आधींच खूण केलेला चौकोन ही संमति नव्हे. आमच्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांतही संमति ही स्वेच्छेनें, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून, बिनशर्त व स्पष्ट कृतीनें दिलेली असावी, असें घातलें आहे. ‘पत्ता दिलात तरच डबा देऊं’ हें त्यामुळें बसत नाहीं.

अर्ज कसा असावा? लहान. नांव, ई-मेल पत्ता, गांव, आणि खालीं मोकळा चौकोन. जन्मतारीख, उत्पन्न, धंदा इत्यादि विचारण्याचें आपणांस प्रयोजन नाहीं. जें लागत नाहीं तें मागूं नये, मागितलें तर सांभाळावें लागतें. चौकोनापुढें मराठींत व इंग्रजींत साध्या शब्दांत लिहावें, कीं वर्षांत साधारण सहा पत्रें येतील, तीं फळ, रोपें व बाग यांविषयीं असतील, पत्ता अन्य कोणास दिला जाणार नाहीं, आणि नको झाल्यास कोणत्याही पत्राखालीं एकदां दाबून नांव काढतां येईल. पैसे देण्याच्या टेबलाजवळ हा अर्ज ठेवावा. क्यूआर कोडची पाटी लावली तर तरुण मंडळी स्वतःच भरतात. पांचगणीकडे शाळांच्या सहली येतात, त्या मुलांचीं नांवें मात्र घेऊं नयेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत पालकांची पडताळून घेतलेली संमति कायद्यानें मागितली आहे, आणि मुलें कांहीं फळ मागविणारीं गिऱ्हाइकें नव्हेत.

एकट्यादुकट्याच्या बागेंत येणारीं माणसें तीं किती! यासाठींच सहनोंदणीचा विचार करावयाचा. एकाच अर्जावर अनेकांनीं आपापल्या यादीसाठीं नांव मागणें, म्हणजे सहनोंदणी. परदेशांत इंटरनेटवरील धंद्यांत ही रीत बरींच वर्षें चालत आली आहे. एखाद्या ठिकाणीं मनुष्य एका गोष्टीसाठीं नांव नोंदवितो, तेव्हां खालीं आणखी चार व्यापाऱ्यांचीं पत्रें हवींत काय असें विचारतात, आणि तो जेथें खूण करील त्या व्यापाऱ्यास त्याचें नांव पोंचतें. बहुधा दर नांवामागें व्यापाऱ्यानें पैसे मोजावयाचे असतात.

येथेंच त्या पद्धतीचें बरें-वाईट आहे. नांवामागें पैसा मिळूं लागला म्हणजे नांवें वाढविण्याकडे मन धांवतें. मग बक्षिसाचें आमिष येतें: ‘अर्ज भरा, महाबळेश्वरची दोन दिवसांची सहल जिंका.’ अशा अर्जावर सहल हवी असणारांचीं नांवें मिळतात, स्ट्रॉबेरी हवी असणारांचीं नव्हेत. मग एकच नांव दहाजणांस विकलें जातें, आणि दहाही जणांचीं पत्रें एकाच आठवड्यांत त्या बापड्यावर कोसळतात. शेवटीं हीं नांवें तिसऱ्याचौथ्या हातीं जातात, व ‘संमति दिलेल्या लोकांची यादी’ म्हणून आपल्याच दारीं विकावयास येतात. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं त्यानें करून दिलेलें खरेदीखत जेवढ्या किंमतीचें, तेवढ्याच किंमतीची ही यादी. मूळ मालकानें होकार कोणास दिला होता? पहिल्यास. तो होकार दुसऱ्याच्या नांवें चढविण्याचा अधिकार पहिल्यास कोणी दिला?

परंतु तीच रीत शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं, पैशाची देवघेव न करितां, नीट आंखून घेतली तर ती आमच्या तालुक्यास फार सोयीची आहे असें आम्हांस वाटतें. येथें येणारा प्रवासी एकाच जागीं थांबत नाहीं. तो सकाळीं बागेंत असतो, दुपारीं भिलारास जातो, जें २०१७ सालापासून पुस्तकांचें गांव म्हणून नांवाजलें आहे. वाटेंत मध घेतो. एखादा तापोळ्यास शेतकऱ्याच्या घरीं मुक्कामही करितो. २०२२ सालीं आमच्याच तालुक्यांतील मांघर हें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. मधवाल्याचें गिऱ्हाईक आणि फळवाल्याचें गिऱ्हाईक हें पुष्कळ वेळां एकच माणूस असतें, आणि त्यांचा माल एकमेकांच्या आड येत नाहीं. स्ट्रॉबेरी मे महिन्यांत संपते; मध व जाम बाटलींत वर्षभर राहतात. तेव्हां फळबाग, मध, घरगुती जाम व मुक्कामाची सोय अशा चौघांनीं मिळून एक अर्ज छापावा व तो चारही ठिकाणीं ठेवावा.

मात्र त्या अर्जावर ‘आम्हां सर्वांचीं पत्रें चालतील’ असा एकच चौकोन असूं नये. चौघांचीं नांवें स्वतंत्र लिहून प्रत्येकापुढें निराळा, मोकळा चौकोन हवा. ‘आमचे इतर सहकारी’ असला मोघम शब्द तर मुळींच नको. सहकारी कोण हें पाहुण्यास ठाऊक नसतां त्यानें दिलेली संमति ती काय? ज्याच्यापुढें खूण असेल त्यालाच तें नांव द्यावें, आणि तेंही तारीख व ठिकाण यांसह. दुजोऱ्याचें पत्र ज्यानें त्यानें आपापलें पाठवावें, व लवकर पाठवावें. आठवड्याच्या आंत गेलेलें पत्र पाहणारास बाग आठवते. तीन महिन्यांनीं गेलें तर हा कोण बुवा, असें तो म्हणतो. पत्राच्या पहिल्याच ओळींत भेट कोठें झाली तें लिहावें: ‘अमुक तारखेस मांघर येथें मध घेतांना आपण आमच्या बागेच्या नांवापुढें खूण केली होती.’ एवढी एक ओळ असली म्हणजे अनोळखी पत्राचा संशय फिटतो.

चौघांनीं आपसांत साधें करारपत्रही करून ठेवावें. पत्ते कोणी बाहेर देणार नाहीं; कोणी भागीदारी सोडली तर त्यानें आपल्यापुरतींच नांवें न्यावींत; आणि एका महिन्यांत चौघांपैकीं दोघांहून अधिकांनीं एकाच घरीं पत्र पाठवूं नये. हें शेवटचें कलम सर्वांस जाचक वाटेल, व तेंच सर्वांच्या हिताचें आहे. पैशांचा प्रश्न निघालाच तर कच्च्या नांवामागें छदामही देऊं नये. छपाईचा खर्च प्रमाणित नोंदींच्या संख्येप्रमाणें वांटून घ्यावा.

यांतून फळ किती मिळेल? हिशेब समजण्यापुरतें एक उदाहरण घेऊं. समजा, हंगामांत बागेंत १,००० कुटुंबें आलीं. त्यांपैकीं २०० जणांनीं पत्ता दिला, १४० जणांनीं दुजोरा दिला, आणि पुढील वर्षीं त्यांपैकीं ३५ घरांनीं प्रत्येकीं २ किलो फळ मागविलें. एकंदर ७० किलो झालें. यावर सबंध बाग विकली जाणार नाहीं, बाजारास माल द्यावाच लागेल. परंतु या ७० किलोंचा भाव शेतकऱ्यानें स्वतः सांगितलेला असतो, त्यांत अडत नाहीं, आणि पुढील वर्षीं त्या ३५ घरांत शेजारपाजारचीं घरें मिळण्याचा संभव असतो. आतां त्याच्याशेजारीं विकतच्या एक लाख पत्त्यांचा हिशेब मांडावा.

अनाहूत ई-मेलचा पहिला नमुना ३ मे १९७८ रोजींचा म्हणून सांगतात. अमेरिकेंतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्यानें सुमारें ४०० लोकांस एकदम जाहिरात धाडली, व लोक चिडले. तेव्हांपासून ही कटकट इतकी वाढली, कीं आज पत्र पोंचविणाऱ्या कंपन्यांनीं दारावर पहारे बसविले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं नियम घातले, कीं मोठ्या संख्येनें पत्रें पाठविणारानें आपल्या पत्त्याची ओळख पटविणारी तांत्रिक मोहोर लावलीच पाहिजे, एका दाबण्यांत नांव काढण्याची सोय ठेवलीच पाहिजे, आणि तक्रारींचें प्रमाण शेंकडा ०·३ च्या आंत ठेवलें पाहिजे. म्हणजे हजार पत्रांमागें तिघांनीं ‘हें नको असलेलें पत्र’ म्हणून खूण केली, कीं मर्यादा संपली. अनोळखी हजार माणसांत चिडणारे तीन निघणार नाहींत काय? शिवाय जुन्या विकाऊ याद्यांत मेलेले पत्ते असतात, व त्यांतील कांहीं तर असल्या पाठविणारांस पकडण्यासाठींच मुद्दाम जिवंत ठेवलेले असतात. एकदां आपल्या नांवावर शिक्का बसला, म्हणजे ज्या १४० घरांनीं आपण होऊन पत्र मागितलें, त्यांचेंही पत्र केराच्या टोपलींत जाऊं लागतें. लाख परके मिळविण्याच्या भरांत जवळचीं दीडशें माणसें गमवावीं, असा हा सौदा आहे. त्यांत बदनामी होते ती एकट्या पाठविणाराची होत नाहीं. पत्रावर ‘महाबळेश्वर’ हें नांव असतें, आणि तें नांव सर्व बागाईतदारांच्या सामाईक मालकीचें आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यांत सांगतों. २०२३ च्या त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व संमति, सूचना इत्यादि मुख्य बाबींच्या तयारीसाठीं त्यांत १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. मोठ्या कसुरीस दंडाची कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ती आमच्यासारख्या लहान संस्थेवर बसेल असें सांगून आम्ही कोणास भिववीत नाहीं. पण संमति घेतल्याचें शाबीत करण्याचा बोजा माहिती बाळगणारावर आहे, हें विसरूं नये. वहींत तारीख व ठिकाण लिहावयाचें तें यासाठीं. संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंही सोपें असलें पाहिजे, असेंही कायदा म्हणतो. ज्यांचे आप्त विलायतेंत किंवा युरोपांत आहेत व ज्यांस तेथील पत्त्यांवर पत्रें पाठवावयाचीं आहेत, त्यांनीं तिकडचा मे २०१८ पासूनचा कायदाही पाहावा. तो याहून सैल नाहीं.

पत्रांत काय लिहावें, याविषयीं शेतकऱ्यास शिकविण्यासारखें फारसें नाहीं. बागेंत जें घडतें तेंच लिहावें. ऑगस्ट-सप्टेंबरांत लागण झाली, पहिलें फूल दिसलें, वेण्णा तलावाकडे व लिंगमळ्यांत दंव गोठलें त्याचा पिकावर काय परिणाम झाला, पहिला डबा अमुक तारखेस निघेल व त्याचा भाव अमुक. अवकाळी पावसानें फळ मऊ पडलें असेल तर तसें स्पष्ट लिहावें, व तें जामसाठीं कमी भावानें द्यावें. शहरांतील मनुष्यास हें वाचावयास आवडतें, व खोटी स्तुति त्याला दुसऱ्याच पत्रांत कळते. दुसरीकडचें फळ आणून आपल्या नांवाच्या डब्यांत घालण्याचा मोह मात्र या पत्रांमुळें अधिकच घातक होईल, कारण आतां तक्रार करणारास आपला पत्ता ठाऊक असतो.

वही कोणी सांभाळावी? आमच्या मतें संस्थेच्या एका नेमलेल्या कारकुनानें. पदाधिकाऱ्यानें आपल्या खासगी भ्रमणध्वनींत नव्हे. पदाधिकारी बदलतात, आणि जातांना यादी खिशांतून जाते. दर महिन्यास एक नक्कल काढून ती निराळ्या जागीं कुलुपांत ठेवावी, व संकेतशब्द दोघांसच ठाऊक असावा. ज्यांनीं दोन हंगाम एकही पत्र उघडलें नाहीं, त्यांस एकदां विचारून नांवें कमी करावींत. ज्यांनीं नांव काढण्यास सांगितलें, त्यांचें नांव त्याच दिवशीं काढून त्यांचा पत्ता तेवढा ‘वगळलेले’ या निराळ्या वहींत लिहून ठेवावा. नाहींतर पुढील वर्षीं सहनोंदणीच्या अर्जांतून किंवा एखाद्या जुन्या नकलेंतून तेंच नांव पुन्हां यादींत शिरतें, व नको म्हटलेल्या माणसास पुन्हां पत्र जातें. ही दुसरी वही चौघांही भागीदारांजवळ असावी, परंतु एकास नको म्हटलें म्हणजे चौघांसही नको म्हटलें असें मात्र धरूं नये. नकार ज्याच्या नांवें आला त्याच्याच रकान्यांत लिहावा. अर्जाचे कागद दिवाळीचे प्रवासी येण्यापूर्वीं छापून झाले पाहिजेत, म्हणून चौघांची बैठक भाद्रपदांतच घ्यावी. तेव्हां लागणीच्या गडबडींतून संध्याकाळचा थोडा वेळ मिळतो.